‘घाट’ : एका दोन अक्षरी शब्दाचा अर्थविस्तार

मराठी समीक्षालेखन हिंदीत नेऊ पाहणारा भाषांतरकार मोठ्या पारिभाषिक संज्ञांपाशी सहसा अडत नाही. ‘अनुभूती’, ‘प्रतिमा’, ‘आस्वाद’, ‘वास्तववाद’ यांसारखे शब्द दोन्ही भाषांच्या सामाईक संस्कृत वारशातून आलेले असल्यामुळे थोड्याफार छटाभेदाने पलीकडे पोचतात. तो अडतो ‘घाट’ या दोन अक्षरी, घरगुती शब्दापाशी. ‘या कादंबरीचा घाट सैल आहे’ हे वाक्य मराठी वाचकाला क्षणभरही थांबवत नाही. तेच वाक्य शब्द न बदलता हिंदीत ठेवले, तर त्यातून काहीच अर्थबोध होत नाही. आणि वाचक वाराणसीचा असेल तर त्याच्या डोळ्यांपुढे निखळत चाललेल्या दगडी पायऱ्या उभ्या राहतात. या नगरीत मराठी साहित्याचे अध्यापन करणाऱ्याला हा शब्द टाळून पुढे जाता येत नाही. खिडकीबाहेरचा घाट आणि पुस्तकातला घाट यांचे नाते काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतातच.

‘घाट’ या शब्दाच्या अर्थांची मोजदाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते काम मोल्सवर्थच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत (१९३२–१९३८) कोशकारांनी केलेले आहे. येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. नदीचा, डोंगराचा, तांब्याचा, लग्नाचा आणि कादंबरीचा असे सगळे घाट मराठी माणूस एकाच उच्चाराने सांगतो, तेव्हा त्याच्या भाषिक जाणिवेत ते एकमेकांपासून अलग असतात की एकमेकांत मिसळलेले? मला ते मिसळलेले दिसतात. मराठी समीक्षेने इंग्रजीतील ‘फॉर्म’ या संकल्पनेसाठी हा शब्द स्वीकारला तेव्हा तो रिकाम्या हाताने आला नाही. घडवण्याच्या क्रियेची आणि योजण्याच्या हेतूची स्मृती तो बरोबर घेऊन आला. भाषांतरात नेमकी हीच स्मृती गळून पडते, आणि मग मराठीतील रूपविषयक चर्चा दुसऱ्या भाषेतील अभ्यासकाला पाश्चात्त्य चर्चेची उशिरा काढलेली प्रत वाटू लागते.

प्रथम पाण्याजवळचा घाट. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीत उतरण्याची, नावेत चढण्याची जागा. जोडाक्षरातील एक व्यंजन लोपून आधीचा स्वर दीर्घ होणे हा मराठीच्या घडणीतला परिचित नियम आहे : ‘पट्ट’चा पाट झाला, ‘हट्ट’चा (म्हणजे बाजाराचा) हाट झाला, तसा ‘घट्ट’चा घाट झाला. ‘घट्ट्’ या संस्कृत धातूला घासणे, स्पर्श करणे, ढवळणे असे अर्थ आहेत. ‘संघट्ट’ हा शब्द त्याच कुळातला. नामाचे नाते या धातूशी थेट जोडावे की नाही, हा व्युत्पत्तिकारांच्या वादाचा विषय असला, तरी अर्थाच्या अंगाने ते नाते बोलके आहे. घाट म्हणजे जेथे जमीन आणि पाणी एकमेकांना घासतात, जेथे वरचा माणूस खाली उतरतो आणि खालचा प्रवाह वर चढतो, अशी सीमा.

काशीच्या पंचगंगा घाटावरील कबीराची आख्यायिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहाटेच्या अंधारात स्नानाला उतरणाऱ्या रामानंदांचा पाय पायरीवर आडव्या पडलेल्या कबीराला लागला, त्यांच्या तोंडून रामनाम निघाले आणि कबीराने तोच गुरुमंत्र मानला, अशी ती कथा आहे. इतिहास म्हणून तिची शहानिशा करण्याचे कारण नाही. ही भेट मठात किंवा मंदिरात कल्पिता आली नसती, एवढे मात्र तिच्यातून दिसते. ज्या विणकराला आत प्रवेश नाही, त्याला स्पर्श घडू शकतो तो घाटावर. हिंदीत न्यायी राज्याचे वर्णन वाघ आणि शेळी एकाच घाटावर पाणी पितात असे केले जाते. प्रत्यक्षात माणसामाणसांतच घाट आणि पाणवठे वाटून दिलेले होते, हे १९२७च्या महाडच्या सत्याग्रहाने आणि पुढे १९७०च्या दशकात बाबा आढावांनी चालवलेल्या ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीने स्पष्ट केले. बाबांच्या चळवळीने ‘घाट’ न घेता ‘पाणवठा’ हा शब्द घेतला, हेही लक्षणीय आहे. मराठी खेड्यात पाणी भरण्याची जागा ती पाणवठा. घाट तो, जो कुणीतरी बांधलेला असतो.

आणि काशीत तो बांधणाऱ्यांत मराठी माणसे मोठ्या संख्येने होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पेशवे, होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले या घराण्यांनी गंगेच्या काठाला आजचे दगडी रूप देण्यात मोठा वाटा उचलला. अहिल्याबाई होळकरांचे नाव एका घाटालाच आहे. भोसले घाट आणि शिंदे घाट आपली नावे आपणच सांगतात. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचे, म्हणजेच कायगावकर दीक्षितांचे नाव ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांच्याशी जोडलेले आहे, आणि तो परिसर पुढे काशीतील मराठी वस्तीचे केंद्र बनला. बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट स्वतःच्याच वजनाने खचला. बांधकाम उत्तम असूनही खालची भूमी ते पेलू शकली नाही, ही गोष्ट मला काही कादंबऱ्यांविषयी बोलतानाही आठवते. असो.

या मराठी मंडळींच्या भाषेत मात्र ‘घाट’ हा शब्द गंगेवर येण्यापूर्वीच दुसऱ्या एका अर्थाने रुजलेला होता. तो सह्याद्रीचा घाट. नाणेघाट, बोरघाट, थळघाट, आंबा घाट, वरंधा घाट : येथे पाणी नाही, पायऱ्या असल्याच तर खडकात खोदलेल्या, येथे आहे ती पठारावरून कोकणात उतरणारी वाट. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख या वाटेने चालणाऱ्या व्यापाराचे प्राचीनत्व सांगतो. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३०मध्ये खुला झाला, १८६३मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि तोवर बैलांच्या पावलांनी मोजला जाणारा हा शब्द इंजिनाच्या भाषेतही गेला. घाट आणि खिंड यांत मराठी फरक करते. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधील फट. घाट म्हणजे चढण्या-उतरण्याचा सारा मार्ग, त्याची वळणे आणि त्याची दमछाक यांसह. ‘घाट लागला’ असे प्रवासी म्हणतो तेव्हा तो एखाद्या स्थळाविषयी बोलत नसून एका कालावधीविषयी बोलत असतो.

नदीचा घाट आणि डोंगराचा घाट हे मुळात एकच आहेत, हे समजायला फारसा प्रयास पडत नाही. दोन्ही ठिकाणी एका पातळीवरून दुसरीवर जाण्याची सोय हाच अर्थ आहे. युरोपीय प्रवाशांनी आणि नकाशाकारांनी वाटेचे हे नाव साऱ्या पर्वतरांगेला देऊन टाकले. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या कोशात हा अर्थक्रम—नदीचा उतार, डोंगरी वाट, आणि मग पर्वतरांग—नीट मांडलेला आहे. आपण ज्याला सह्याद्री म्हणत होतो तो पाठ्यपुस्तकांतून ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्याकडे परत आला, आणि २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत तो याच नावाने नोंदला गेला. वाटेवरून पर्वताला नाव मिळावे, हे पर्वत ओलांडून पलीकडे जाण्यातच ज्यांना रस होता त्यांच्या दृष्टीला धरूनच झाले.

वाई या गावी हे दोन्ही घाट एका दृष्टिक्षेपात येतात. कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीपुढचा घाट, आणि गावाच्या वर पाचगणीकडे चढणारा पसरणीचा घाट. वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतात ते पहिल्या घाटामुळे; पण तेथील माणूस ‘घाटात गर्दी आहे’ म्हणाला की तो दुसऱ्याविषयी बोलतो आणि ‘घाटावर गर्दी आहे’ म्हणाला की पहिल्याविषयी. एका विभक्तिप्रत्ययाने, एका शब्दयोगी अव्ययाने भाषा काम भागवते. कोकणात याला आणखी एक फाटा फुटतो. कोकणातला माणूस ‘घाटावर’ म्हणतो तेव्हा त्याला सातारा, पुणे, कोल्हापूर असा सारा देश अभिप्रेत असतो. विष्णुभट गोडसे १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघाले ते आधी घाट चढले आणि मग उत्तरेत गेले. १९०७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकाचा भूगोल सह्याद्रीचे घाट आणि गंगेचे घाट यांच्यामध्ये पसरलेला आहे.

याच डोंगरी घाटातून ‘घाटी’ हा शब्द निघाला, आणि येथे शब्दार्थाची चर्चा माणसांच्या मानापमानापर्यंत पोचते. घाटावरून उतरून मुंबईत हमाली, गिरणीकाम, घरकाम करणाऱ्या माणसाला ‘घाटी’ म्हटले गेले. गोव्यातही सीमेपलीकडून आलेल्या मजुराला याच शब्दाने ओळखले गेले. निव्वळ दिशा सांगणारा शब्द शिवी बनला तो दिशेमुळे नव्हे, त्या दिशेने येणाऱ्यांच्या गरिबीमुळे. काशीत याच्या अगदी उलट चित्र दिसते. तेथे छत्रीखाली चौरंग मांडून यात्रेकरूंचे संकल्प सांगणारा, गंध लावणारा ब्राह्मण तो ‘घाटिया’. घाटाशी असलेला संबंध एकाला पौरोहित्याचा हक्क देतो, दुसऱ्याला हिणवले जाण्याचा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाला मात्र सारा मराठवाडा सहजपणे ‘घाटी’ म्हणतो. तेथे तो चढणीवरून पडलेल्या नावापेक्षा अधिक काही नाही.

हिंदीत ‘घाटी’ म्हणजे खोरे, दरी. ‘सिंधु घाटी’, ‘कश्मीर घाटी’. मराठी वृत्तपत्रांत भाषांतराच्या घाईत ‘काश्मीर घाटी’ येऊ लागली आहे. मराठीची प्रकृती तेथे ‘खोरे’ मागते. अरवलीतील हल्दीघाटी, जेथे १५७६मध्ये लढाई झाली, ती मात्र खोरे नसून आपल्या अर्थाने घाटच आहे, अरुंद डोंगरी वाट. म्हणजे हिंदीनेही एकेकाळी हा अर्थ बाळगला होता. पुढे तिच्यात वाटेचा अर्थ मागे पडून वाटेखालची दरी पुढे आली. चढणारा आणि खाली पाहणारा यांच्या दृष्टीतला हा फरक म्हणायचा.

आतापर्यंतचे अर्थ एका सूत्रात बसतात. अडचण सुरू होते ती तिसऱ्या घाटापाशी. तांब्याचा घाट, जुन्या घाटाच्या पाटल्या, घाटदार सुरई, घाटदार बांधा. येथे चढ-उतार नाही, पाणी नाही. आहे तो डौल, घडण. या अर्थाचे मूळ सामान्यतः ‘घट्’ या धातूकडे नेले जाते. घटणे, घटना, घटित, आणि मराठीत घडणे, घडवणे, घडण, घडाई. परंतु ध्वनिनियम येथे आडवा येतो. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘ट’ मराठीत ‘ड’ होतो : घोटकाचा घोडा, वटाचा वड, कटूचे कडू, आणि घटतेचे घडते. ‘घट्’पासून सरळ वाटेने आलेला शब्द ‘ड’ घेऊन यायला हवा होता. ‘घाट’मधला ‘ट’ टिकला आहे. याचा अर्थ, एक तर तो ‘ट्ट’ असलेल्या रूपातून आला, नाही तर विद्वानांच्या भाषेतून खाली उतरला.

मला यात अधिक महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. मूळ काहीही असो, मराठी भाषकाने या ‘घाटा’ला ‘घडणे’च्या घरात नेऊन बसवले आहे. ‘घाट घडवला’, ‘घडणीचा घाट’ असे शब्द शेजारी शेजारी येतात, आद्य व्यंजन एकच असल्यामुळे कानालाही ते भाऊबंद वाटतात. प्रमाण हिंदीत असे होऊ शकले नाही. तेथे ‘घट्’पासून आलेल्या क्रियापदाचा महाप्राण सरकून ‘गढ़ना’ झाले, आणि ‘घटना’ म्हणजे कमी होणे असे दुसरेच क्रियापद त्या जागी प्रचलित झाले. ‘गढ़ना’ आणि ‘घाट’ यांत हिंदी कानाला नाते ऐकू येत नाही. हिंदीच्या जुन्या कोशपरंपरेत ‘घाट’चा ढंग, डौल असा अर्थ सापडतो, परंतु आजच्या हिंदी गद्यात तो जवळजवळ निवृत्त झाला आहे. गुजरातीत मात्र मराठीसारखीच स्थिती आहे. तेथे ‘घडवुं’ हे क्रियापद आहे आणि ‘घाट’ म्हणजे आकार हा अर्थही जिवंत आहे. नरसिंह मेहतांच्या एका प्रसिद्ध प्रभातियात सोने आणि दागिने यांचा दृष्टांत येतो. घडवल्यानंतर नावे-रूपे वेगळी होतात, धातू एकच राहतो. या दृष्टांतात घडवलेल्या आकारासाठी आलेला शब्द ‘घाट’ हाच आहे. अद्वैत सांगताना संस्कृतात ‘नामरूप’ म्हटले जाते. गुजराती संतकवीने तेथे सोनाराच्या दुकानातला शब्द आणला आणि घाट व रूप यांत एक पायरी निर्माण केली : आधी घाट घडतो, मग नामरूप वेगळे होते. तौलनिक अभ्यासकाने या पायरीपाशी थांबावे असे मला वाटते.

तांबट आळीत काम करणारा कारागीर पत्र्यावर ठोके देत भांड्याला घाट आणतो. हा घाट साच्यात ओतून मिळत नाही. धातूचा स्वभाव, हातोडीचे वजन, हाताची सवय यांच्या दीर्घ वाटाघाटीतून तो येतो. ‘वाटाघाट’ या शब्दातही घाट आहेच. वाटा आणि घाट तुडवीत दोन पक्ष एकमेकांपर्यंत पोचतात, ही त्यातली प्रतिमा आजही पुसट झालेली नाही. ‘घाट येणे’ आणि ‘घाट आणणे’ हे दोन्ही प्रयोग मराठीत चालतात. एकात वस्तू कर्ता आहे, दुसऱ्यात कारागीर. घाटाचे श्रेय कोणाचे, हा वाद भाषेने मोकळा ठेवला आहे.

चौथा अर्थ याच्याही पुढचा. ‘घाट घालणे’. लग्नाचा घाट, सत्यनारायणाचा घाट, नवे नियतकालिक काढण्याचा घाट. मराठीत योजनेसाठी ‘बेत’ आहे, ‘कट’ आहे आणि ‘घाट’ आहे. बेत हलका असतो, तो जेवणाचाही असतो आणि मोडला तरी कुणाचे फारसे बिघडत नाही. कट गुप्त असतो आणि कुणाच्या तरी विरुद्ध असतो. घाट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे : त्यात खटाटोप आहे, माणसे गोळा करणे आहे, आणि ‘एवढा घाट कशाला घातलास?’ या प्रश्नात आहे तशी किंचित नाराजीही आहे. वृत्तपत्रीय मराठीत तो कटाच्या बाजूला सरकला. शाळा बंद पाडण्याचा घाट, जमीन लाटण्याचा घाट असे मथळे आपण वाचतो. शाळा उघडण्याचा घाट सहसा वाचनात येत नाही. घरगुती बोलीत मात्र जुना अर्थ टिकून आहे. आजी नातवाच्या मुंजीचा घाट घालते तेव्हा तिच्यावर कुणी कारस्थानाचा आरोप करीत नाही.

घडण आणि योजना हे दोन अर्थ एकत्र ठेवले की समीक्षेतील ‘घाट’ या संज्ञेचे वेगळेपण दिसू लागते. विसाव्या शतकातील मराठी समीक्षेत ‘फॉर्म’साठी अनेक शब्द वावरले. रूप, आकार, आकृती, आकृतिबंध, रचनाबंध. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाने आणि नंतर रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) कलाकृतीच्या संघटनेचा प्रश्न मराठीत केंद्रस्थानी आणला. या तात्त्विक चर्चेच्या भोवतीने, ग्रंथपरीक्षणांतून आणि वर्गातल्या व्याख्यानांतून ‘आशय आणि घाट’ ही जोडी रूढ झाली. लक्षात घेण्यासारखी बाब ही की, फॉर्मलिझमसाठी मराठीने ‘रूपवाद’ हा शब्द घेतला. ‘घाटवाद’ असा शब्द कुणी केला नाही, आणि केला असता तर तो हास्यास्पद वाटला असता. वाद होण्यासाठी संकल्पना वस्तूपासून अलग काढता यावी लागते. रूप अलग काढता येते. ते पाहणाऱ्याच्या बाजूचे आहे. आकृतिबंधही काढता येतो. तो कागदावर रेखाटता येतो. घाट हा नेहमी कशाचा तरी असतो, कशापासून तरी घडवलेला असतो, आणि कुणीतरी तो घातलेला असतो. ‘कथेचा घाट’ म्हणताना मराठी समीक्षक, त्याला तसे अभिप्रेत असो वा नसो, साहित्यद्रव्य, कारागीर आणि हेतू या तिघांना एकदम बोलावतो. लेखकाच्या हेतूला समीक्षेतून हद्दपार करण्याची भाषा करणारे कितीतरी मराठी लेख ‘घाट’ हा शब्द वापरूनच लिहिलेले आहेत. भाषेने लेखकाचा केलेला हा सौम्य प्रतिवाद मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

कोणी म्हणेल, ही केवळ श्लेषाची करामत आहे. नदीच्या घाटाचा आणि साहित्याच्या घाटाचा प्रत्यक्ष संबंध दाखवता येईल काय? तो दाखवता येतो, आणि त्यासाठी काशी सोडून कुठे जावे लागत नाही.

तुलसीदासांनी ‘रामचरितमानसा’चा आरंभ विक्रम संवत १६३१मध्ये, म्हणजे १५७४ साली केला. ग्रंथाच्या नावातच सरोवर आहे, आणि बालकांडात कवीने त्या सरोवराचे सविस्तर रूपक मांडले आहे. सात कांडे हे त्याचे सात सोपान, आणि चार संवाद हे त्याचे चार घाट. शिव-पार्वती, याज्ञवल्क्य-भरद्वाज, काकभुशुंडी-गरुड, आणि स्वतः कवी व त्याचे श्रोते संतजन. टीकाकारांनी पुढे या चार घाटांना ज्ञान, कर्म, उपासना आणि दैन्य अशी नावे दिली. आजच्या परिभाषेत ज्याला आपण कथनाच्या चौकटी म्हणतो, एकात एक बसवलेले निवेदक आणि श्रोते म्हणतो, त्यांच्यासाठी तुलसीदासांनी योजलेला शब्द ‘घाट’ हा आहे. पाणी एकच, उतरण्याच्या जागा चार. आपल्या घाटाने उतरणाऱ्याला तेच पाणी आपल्या उंचीवरून मिळते. हिंदी समीक्षेने या शब्दाचा परिभाषेसाठी उपयोग केला नाही ही मला दवडलेली संधी वाटते. मध्ययुगीन भारतीय कवीने आपल्या ग्रंथाच्या रचनेविषयी स्वतःच केलेले हे विवेचन आहे, आणि ते घाटाच्या भाषेत आहे.

दुसरे उदाहरण जगन्नाथ पंडिताचे. यवनी स्त्रीशी संबंध ठेवला म्हणून काशीच्या पंडितांनी बहिष्कृत केलेला हा शाहजहानच्या दरबारातला कवी पंचगंगा घाटाच्या बावन्नाव्या पायरीवर बसला, ‘गंगालहरी’चा एकेक श्लोक रचत गेला, आणि प्रत्येक श्लोकाला गंगा एकेक पायरी वर चढत आली, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रात ज्येष्ठातल्या गंगादशहऱ्याला नदीकाठी ‘गंगालहरी’चे पठण होते तेव्हा ही कथा सांगितली जाते, विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ हे संगीत नाटक (१९६०) याच कवीवर आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवून तिची रचना पाहावी. श्लोकसंख्या आणि पायऱ्यांची संख्या एक आहे. स्तोत्राचा घाट आणि नदीचा घाट यांचे माप एकच. श्लोक संपतो तेथे पाणी पोचते. शिवाय चढते ती गंगा. जातिबाह्य माणसाला खाली उतरण्याचा अधिकार नाही, म्हणून प्रवाह वर येतो. कबीराच्या कथेत गुरूचा पाय खाली आला, येथे नदी वर आली. दोन्ही कथा एकाच घाटावर घडाव्यात, हे लोकपरंपरेच्या रचनाबुद्धीला साजेसे आहे.

एकनाथांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची ओवीबद्ध टीका पैठणला सुरू झाली आणि शके १४९५मध्ये, म्हणजे १५७३ साली वाराणसीत पूर्ण झाली. ‘मानस’च्या आरंभाच्या आदल्या वर्षीची ही घटना आहे. संस्कृत ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी एकनाथांना दोष दिला, ग्रंथ गंगेत टाकला तेव्हा गंगेनेच तो झेलला, आणि मग त्याची मिरवणूक निघाली, अशी परंपरागत कथा आहे. ग्रंथाची परीक्षा सभेत सुरू होते आणि निकाल घाटावर लागतो. एकनाथांनी काय केले? पाणी तेच ठेवले आणि मराठी माणसासाठी नवा उतार बांधला. ओवी हा तो उतार. ओवीचा घाट असे आपण म्हणतो तेव्हा छंदाचा साचा सांगत असतो, हे खरेच. परंतु ज्यांना संस्कृताच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या त्यांच्यासाठी तो घातलेला घाट होता, ही गोष्टही त्या शब्दात आहे.

आता भाषांतराचा प्रश्न. ‘घाट’साठी हिंदीत सर्रास ‘रूप’ वापरले जाते, क्वचित ‘शिल्प’ किंवा ‘ढाँचा’. ‘शिल्प’ कारागिरीच्या जवळ जाते, पण हिंदी समीक्षेत ते तंत्राच्या अर्थाने झिजले आहे. ‘ढाँचा’ सांगाड्याची आठवण देतो. मला हिंदीतला ‘गढ़न’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. तो बोलीत जिवंत आहे, ‘घट्’च्याच कुळातला आहे, आणि त्यात ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. ‘इस उपन्यास की गढ़न ढीली है’ हे वाक्य हिंदी वाचकाला परके वाटत नाही, हे येथील वर्गांत अनेकदा अजमावले आहे. गुजरातीत जाताना तर शब्द बदलण्याचेही कारण नाही. इंग्रजीत एका शब्दाने काम भागणार नाही. ‘फॉर्म’ ठेवून पहिल्या उल्लेखाच्या ठिकाणी ‘घाट’ हा मूळ शब्द लिप्यंतर करून द्यावा आणि घडण व योजना या दोन्ही छटा एका वाक्यात सांगाव्यात, एवढे तरी करता येते.

उलट दिशेचा प्रवास अधिक सुखाचा आहे. ‘मानस’मधील चार घाट मराठीत आणताना भाषांतरकाराला शब्द शोधावा लागत नाही. त्याने ‘घाट’ लिहिले की मराठी वाचकाला सरोवराच्या पायऱ्याही दिसतात आणि ग्रंथाची घडणही ऐकू येते, आणि तुलसीदासांच्या मूळ शब्दाला अवधीत नसलेला एक अर्थ मराठीत अधिक मिळतो. अशा अधिकाची नोंद कोणत्या खात्यावर करावी, याचा विचार भाषांतरमीमांसेत फारसा झालेला नाही. तेथे हानीचीच मोजणी चालते. ‘गढ़न’मध्येही एक गोष्ट येत नाही ती येत नाहीच : ‘घाट घालणे’मधला तो खटाटोप, पाहुण्यांच्या याद्या, उसनी भांडी आणि ‘कशाला एवढे?’ असे म्हणत पदर खोचून कामाला लागलेली घरातली माणसे.